'लाडकी बहीण'वर बोलायचंय, पण भांडायचं नाही : चर्चेची बैठक कशी लावावी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावातलं वाचनालय आहे आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सातला एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर चर्चा होते. या वेळी 'लाडकी बहीण योजना : योग्य की अयोग्य?' हा विषय ठेवला आणि पस्तीसेक माणसं आली. पंधराव्या मिनिटाला 'रेवडी' हा शब्द आला, विसाव्या मिनिटाला 'भक्त' आणि 'चमचे' आले, आणि अर्ध्या तासात दोन जुने सभासद उठून गेले. आता कार्यकारिणीपुढे ठराव आहे की यापुढे राजकीय विषय नकोतच. तुम्ही विचारताय, विषय बंद करावेत की लोकांना सभ्यपणे बोलायला लावायचा काही उपाय आहे?

विषय बंद करू नका. मात्र 'कृपया सभ्य भाषा वापरा' असा फलक लावूनही काही होणार नाही. तुमच्या वर्णनातली माणसं उद्धट वाटत नाहीत. विषयाच्या एका ओळीत चार प्रश्न कोंबले होते आणि जो तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता, तिथे घोळ झाला.

ते चार असे. पहिला हिशेबाचा: पैसे किती जातात, कुणाला मिळतात, कुणाला नाही. दुसरा परिणामाचा: या पैशाने घरात, बाजारात, शेतमजुरीत काय बदललं. तिसरा मूल्याचा: सरकारने हातात रोख द्यावी की तेवढ्याच पैशात दवाखाने, एसटी, पाळणाघरं चालवावीत, आणि घरातल्या कामाला मोल धरायचं की नाही. चौथा हेतूचा: ही योजना निवडणुकीसाठीच आणली का.

चारही वेगवेगळ्या रीतीने हाताळावे लागतात. हिशेबाचा प्रश्न कागद पाहून दहा मिनिटांत सुटतो. परिणामाचा माहिती जमवून, हळूहळू आणि बऱ्याचदा अर्धाच सुटतो. मूल्याचा सुटत नाही, पण समोरचा तसं का मानतो ते कळू शकतं. हेतूचा प्रश्न बैठकीत कधीच सुटत नाही, आणि सुटला तरी पहिल्या तिघांच्या उत्तरांत फरक पडत नाही. योजनेची घोषणा २८ जून २०२४ ला झाली आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, हे कुणी नाकारत नाही. पण निवडणुकीआधी आलेली योजना चांगलीही असू शकते आणि वाईटही. तरीही आपल्याकडच्या राजकीय गप्पांचा बराचसा वेळ या चौथ्यातच जातो, कारण त्याला अभ्यास लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी विषयाचं वाक्य बदला. 'योग्य की अयोग्य', 'वरदान की शाप', 'तारक की मारक' ही शालेय वक्तृत्वस्पर्धेची मांडणी आहे. ती माणसाला पहिल्याच मिनिटाला बाजू निवडायला लावते, आणि एकदा चारचौघांत बाजू घेतली की मागे फिरणं म्हणजे नाक कापून घेणं वाटतं. त्याऐवजी असं विचारा: 'दरमहा १५०० रुपये हातात मिळणं आणि तेवढाच पैसा सेवांवर खर्च होणं, यांतलं आपल्या तालुक्यातल्या बायकांच्या जास्त उपयोगाचं काय, आणि कशावरून?' हा प्रश्न मूल्याचा आहे, थोडा परिणामाचाही आहे, आणि यात पक्ष कुठेच नाही. एका बैठकीला असा एकच प्रश्न पुरतो.

शब्दांचंही आधी ठरवून घ्या. 'रेवडी' किंवा 'खैरात' म्हटलं की निकाल लागून गेला. 'ओवाळणी' किंवा 'भाऊबीज' म्हटलं तरी लागून गेला, फक्त उलट बाजूने. सूत्रधाराने आणि छापील कागदाने 'दरमहा १५०० रुपये' किंवा 'थेट रक्कम' एवढंच म्हणायचं. सभासदांवर बंदी घालू नका, ती पाळली जात नाही आणि पाळायला लावताना नवा वाद होतो. कुणी 'रेवडी' म्हणालं तर सूत्रधाराने वाक्य परत सांगताना 'थेट रक्कम' म्हणावं. दोन-तीनदा असं झालं की बाकीचे आपोआप तोच शब्द धरतात.

आता कागद. मेहनत इथे आहे, आणि बहुतेक मंडळं नेमकी हीच टाळतात. बैठकीच्या तीन दिवस आधी ए-फोर आकाराच्या कागदाची एकच बाजू, दहा-बारा ओळी, सगळ्यांना पोचली पाहिजे. ती दोघांनी मिळून करायची: एक योजनेच्या बाजूचा, एक विरुद्ध. नियम एकच, ज्या ओळीला दोघांचीही संमती नाही ती वर येणार नाही. ती खाली 'अजून माहीत नाही' या मथळ्याखाली जाते. विशेषण एकही नको. 'तब्बल', 'केवळ', 'अवघे', 'प्रचंड' हे शब्द आकड्याआधी बसून निकाल सांगतात, तेही काढा.

या विषयाचा कागद साधारण असा होईल. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. घरात आयकर भरणारं कुणी, कायम सरकारी नोकरीत कुणी, किंवा ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर अपात्र. नमो शेतकरी महासन्मान निधीचा लाभ घेणाऱ्या स्त्रीला फरकाचे ५०० रुपये. घोषणेच्या वेळी सांगितलेला खर्च वर्षाला ४६,००० कोटी, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली तरतूद ३६,००० कोटी, आणि त्या वर्षीचा राज्याचा एकूण खर्चाचा अंदाज ७ लाख कोटींच्या घरात. मध्य प्रदेशात अशीच लाडली बहना योजना २०२३ पासून. आणि एक ओळ जी दोन्ही बाजूंना सारखीच टोचते: २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने ही रक्कम २१०० करण्याचं आश्वासन दिलं, तर महाविकास आघाडीने दरमहा ३००० देण्याचं.

ही शेवटची ओळ कागदावर असलीच पाहिजे. ती वाचली की लक्षात येतं, थेट रक्कम द्यावी की नाही यावर दोन्ही आघाड्यांचं जाहीरनाम्यात भांडण नव्हतंच. बोली रकमेवर चालली होती. म्हणजे खोलीतल्या एखाद्याचा या कल्पनेलाच विरोध असेल तर तो कुणा एका पक्षाचा माणूस म्हणून बोलत असण्याची शक्यता कमी, आणि बाजूने बोलणारा 'त्यांचाच' असेल हेही ठरत नाही. निम्म्या शिक्क्यांची हवा इथेच जाते.

ओळींना आधार मूळ कागदाचा हवा. योजनेच्या अटी शासन निर्णयात असतात, तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक छापलेला असतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा 'नवीन जीआर' खरा की खोटा हे तपासायला तोच संकेतांक संकेतस्थळावर टाकून पाहायचा. तारीखही बघायची, कारण एकाच योजनेचे निर्णय दुरुस्त होत जातात. या योजनेतही कमाल वय आधी ६० होतं, नंतर ६५ झालं, आणि पाच एकर जमिनीची अट काढली गेली. दोन माणसं दोन वेगळ्या तारखांचे नियम डोक्यात ठेवून एकमेकांना खोटारडं ठरवतात, असं नेहमी होतं. खर्चाचे आकडे अर्थसंकल्पाच्या प्रकाशनांतून घ्या, आणि राज्याचं एकूण चित्र दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येणाऱ्या 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'तून. वर्तमानपत्राचं कात्रण चालेल, पण 'असं म्हणतात' चालणार नाही.

बैठकीत पहिली दहा मिनिटं या कागदाला द्या, आणि त्यातली पाच फळ्यावरच्या गणिताला. गणित सोपं आहे, पण सगळ्यांनी मिळून करायचं. १५०० गुणिले १२ म्हणजे १८,०००. एक कोटी बायकांना वर्षाला १८,००० कोटी. दोन कोटींना ३६,००० कोटी. अडीच कोटींना ४५,००० कोटी. इथे कुणीतरी हात वर करून विचारतंच: मग ३६,००० कोटींची तरतूद म्हणजे सरकारने दोन कोटीच बायका धरल्या का? ५०० वाल्या किती, अपात्र ठरवलेल्या किती, की पुढे पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच मागितलेली जादा तरतूद) येणार? हा प्रश्न बाजूच्यांनाही पडतो आणि विरोधकांनाही. एकाच फळ्याकडे बघून दोघांना एकच प्रश्न पडला की पुढच्या तासाचा सूर बदलतो. मग ७ लाख कोटींत ३६,००० कोटी, म्हणजे शंभरातले जेमतेम पाच रुपये. एक म्हणेल, 'फक्त पाच.' दुसरा म्हणेल, 'पगार, पेन्शन, व्याज दिल्यावर उरतात किती ते बघा, त्यातले पाच.' दोघंही बरोबर आहेत, आणि आता मतभेद नेमका कुठे आहे ते दिसतं: मोजायचं कशाच्या तुलनेत.

माणसं आणि खुर्च्या यांबद्दल थोडक्यात. एका गोलात आठ ते बारा, त्याहून जास्त नको. पस्तीस आले तर तीन गोल करा, प्रत्येकाला एक सूत्रधार. व्यासपीठ, माईक, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ काही नको. माईक हातात आला की माणूस समोरच्याशी बोलत नाही, सभेला संबोधतो. एकूण वेळ शंभर मिनिटं. चहा मध्ये ठेवा, शेवटी नको. मधल्या चहात तापलेली दोन माणसं एकाच टेबलाशी उभी राहतात. आचारसंहितेच्या काळात असा विषय घेऊच नका, सरकारी शाळेची खोली मिळायलाही अडचण येते आणि माणसंही मोकळी बोलत नाहीत.

वेळेवरून आठवलं. संध्याकाळी सात ही स्वयंपाकाची वेळ. ज्या योजनेवर बोलायचं ती बायकांची, आणि खोलीत तीस पुरुष व पाच बायका, त्यातल्या तीन कुणाच्या तरी सौभाग्यवती म्हणून आलेल्या. अशा खोलीतली चर्चा कितीही सभ्य झाली तरी ती दुसऱ्याच कुणाबद्दल केलेली बडबड असते. रविवारी दुपारी चारला ठेवा आणि निम्म्या खुर्च्या बायकांनी भरल्याशिवाय हा विषय घेऊ नका. ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायला सांगितलंय त्यामागचं कारण हेच, मिश्र सभेत आवाज दबतो. तुम्हीही पहिली अर्धी फेरी बायकांची ठेवू शकता. एक पथ्य मात्र कडक पाळा: 'तुमच्यापैकी कुणाला मिळतात हो पैसे?' असं गोलात विचारायचं नाही. उत्पन्नाची अट असलेल्या योजनेत हा प्रश्न म्हणजे चारचौघांत गरिबी कबूल करायला लावणं, किंवा चारचाकी असून लाभ घेतल्याची चोरी पकडणं. दोन्हींनी बैठक मोडते.

पहिली फेरी मताची नको, पाहिलेल्या गोष्टीची. प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही, प्रश्नही विचारायचा नाही. सांगायचं एवढंच: 'आपल्या गल्लीत, दुकानात, शेतावर, बँकेच्या रांगेत या योजनेमुळे तुम्ही स्वतः काय बदललेलं पाहिलं?' किराणा दुकानदार उधारीच्या वहीबद्दल सांगेल, बँकेतली व्यक्ती केवायसीच्या गर्दीबद्दल, बागायतदार मजुरांबद्दल, अंगणवाडीताई अर्ज भरताना झालेल्या ओढाताणीबद्दल. मत मागितलं की माणूस पक्षाचं वाक्य काढून देतो, पाहिलेलं मागितलं की त्याला स्वतःचं काहीतरी शोधावं लागतं. कुणी 'माझं स्पष्ट मत असं की...' सुरू केलं तर सूत्रधाराने थांबवायचं: 'काका, मत पुढच्या फेरीत. आत्ता काय दिसलं ते सांगा.'

दुसरी फेरी पूर्वपक्षाची, आणि सगळ्यात जास्त वेळ हिला द्या, पस्तीस-चाळीस मिनिटं. जुन्या शास्त्रार्थात समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मगच आपलं उत्तर, अशी रीत होती. न्यायसूत्रांत (तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात) चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत बसायचं ती वितंडा. मराठीने यातला 'वाद' ठेवला तो भांडणाच्या अर्थाने, आणि वर 'वितंडवाद'ही ठेवला. असो. नियम असा: आधीच्या बोलणाऱ्याचं म्हणणं तुम्ही आपल्या शब्दांत सांगायचं, तो 'हो, हेच' म्हणाला की मगच तुमचा मुद्दा. दोन प्रयत्नांत 'हो' आलं नाही तर बोलणाऱ्याने स्वतः एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं, नाहीतर तिथेच अडकून बसाल.

हे कसं बिघडतं आणि कसं जमतं ते जवळून पाहू. समजा, निवृत्त शिक्षक म्हणाले, 'फुकटची सवय लागली की माणूस कामाचा राहत नाही.' पुढे शिवणकाम करणाऱ्या ताईंची पाळी.

'म्हणजे सर, बायका आळशी आहेत असं तुमचं म्हणणं.'

'मी असं म्हणालोच नाही!'

ही झाली टोमण्याची पुनरुक्ती. नियम पाळल्यासारखा दिसतो, पण त्यात समोरच्याला कोपऱ्यात ढकललंय. सूत्रधाराने इथे लगेच म्हणायचं, 'ताई, सरांना कशाची काळजी वाटते असं तुम्हाला वाटतं?' काळजी हा शब्द इथे कामाला येतो. दुसरा प्रयत्न असा होतो:

'सर, तुमची काळजी अशी की कष्टाशी संबंध नसलेला पैसा घरात यायला लागला की कष्टाची किंमत कमी होते. आणि एकदा सुरू केलं की कुठल्याच सरकारला ते बंद करता येत नाही.'

'बरोबर. दुसरं मी बोललो नव्हतो, पण तेही आहेच.'

'मग माझं ऐका. मी शिवणाच्या आधी आणि नंतर मिळून घरात आठ तास राबते. त्या कष्टाला कुणी एक रुपया देत नाही. मग हे पंधराशे कष्टाशी संबंध नसलेले कसे?'

दोघांचं एकमत झालेलं नाही, होणारही नाही कदाचित. पण आता मतभेद 'बायका आळशी की सर प्रतिगामी' यावर नाही, कष्ट कशाला म्हणायचं यावर आहे, आणि त्यावर अर्धा तास बोलता येतं.

परिणामाच्या दाव्यांना मात्र सौम्यपणा पुरत नाही, तपशील मागावा लागतो. खेडोपाडी ऐकू येणारा दावा: 'पंधराशे मिळायला लागल्यापासून बायका शेतात कामाला येईनात.' याला 'तुम्ही बायकांचा अपमान करताय' हे उत्तर नव्हे, आणि 'अगदी खरंय' हेही नव्हे. फळ्यावर लिहा: १५०० भागिले ३० म्हणजे दिवसाला ५० रुपये. शेजारी तुमच्या भागात बाईमाणसाची रोजची मजुरी किती ते लिहा, शिवाय रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. मग विचारा: दिवसाचे ५० मिळतात म्हणून तीनशेचा रोज कोण सोडेल? रोज येणारी सोडणार नाही. पण महिन्यात चार-पाच दिवस, अडचणीपुरती येणारी सोडू शकते. म्हणजे बागायतदार खोटं बोलत नसेल, पण तो कोणत्या बाईबद्दल आणि कोणत्या महिन्याबद्दल बोलतोय हे वेगळं काढावं लागतं. सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात मजूर कधीच पुरत नव्हते, योजनेच्या आधीही नव्हते. 'आधी' म्हणजे कधी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुना संदर्भ इथे कामी येतो. रोजगार हमी महाराष्ट्रातच जन्मली, १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मजूर मिळणार नाहीत, मजुरी वाढेल ही मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार तेव्हाही होती. आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराला काम. तुमच्या गोलातल्या नोकरदारांच्या पगारातून आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तो हाच कर. 'आमच्या कराचे पैसे' असं कुणी म्हणालं तर त्याला गप्प करू नका, उलट विचारा: काम देऊन पैसे आणि कामाशिवाय पैसे, यात तुम्ही फरक करता का? आणि काम म्हणजे कुठलं?

'मग त्यांच्या काळात काय झालं?' हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं, साधारण चाळीसाव्या मिनिटाला. ते दाबलं तर बोलणारा रुसतो, मोकळं सोडलं तर १९७५ पासूनचा सगळा इतिहास निघतो. उपाय असा की त्या वाक्याची फुटपट्टी करायची. बाजूला दुसरा फळा ठेवा. त्यावर २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी, २०१७ ची राज्याची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, आणि ही योजना. चारही वेगवेगळ्या सरकारांच्या. आता विचारा: 'तुमची कसोटी सांगा, आणि ती चारहींना लावून दाखवा.' ज्याची कसोटी 'रोख वाटप चूक' अशी आहे त्याला कर्जमाफीवर बोलावं लागेल. ज्याची 'गरिबाला थेट मदत हवीच' अशी आहे त्याला आपल्या नावडत्या सरकारची योजनाही चांगली म्हणावी लागेल. इथे लोक अडखळतात, हसतात आणि क्वचित म्हणतात, 'हं, हे मी असं बघितलं नव्हतं.' तेवढ्यावर सूत्रधाराने खूश व्हावं. 'बघा, पटलं ना!' म्हणून मिरवलं की माणूस परत कवचात जातो.

सूत्रधार कोण असावा? गावात ज्याचा पक्ष माहीत नाही असा माणूस सापडत नाही, तेव्हा तो नाद सोडा. दोन घ्या, दोन्हीकडचे, आणि प्रत्येकाने आपल्या बाजूच्या माणसाला आवरायचं. आपल्याच माणसाने 'अण्णा, दोन मिनिटं झाली' म्हटलं तर पक्षपाताचा आरोप होत नाही. सूत्रधाराने स्वतःचं मत त्या दिवशी सांगायचं नाही, शेवटीसुद्धा नाही. आणि टोकणं पहिल्या शिक्क्यालाच व्हायला हवं, तिसऱ्याला नाही. पहिल्या 'चमचे'ला सोडलं की दुसरा 'भक्त' हक्काने येतो, आणि मग कुणाला टोकलं हाच वाद होतो. टोकताना माणसाचा उल्लेख नको: 'हा शब्द बाजूला ठेवू, मुद्दा पुढे न्या.' सात शब्द पुरे. सभ्यतेवर भाषण दिलंत तर बैठक तुमची झाली.

सर्वज्ञ निवृत्त अधिकारी ही वेगळी अडचण. त्यांना खरंच माहिती असते आणि ते वीस मिनिटं सोडत नाहीत. त्यांना आधीच कागद करायच्या जोडीत घ्या. त्यांचं ज्ञान छापून आलं की बैठकीत ते बरेच शांत असतात. पक्षाचा पदाधिकारी आला तर येऊ द्या, पण खुर्ची गोलात आणि मिनिटं दोनच. मोबाइल काढून 'हा व्हिडिओ बघा' म्हणणाऱ्याला सांगायचं की तो 'अजून माहीत नाही'च्या यादीत लिहून घेतलाय.

एक सावधगिरी, कारण सभ्यतेचा आग्रह दुधारी आहे. अर्ज तीनदा फेटाळला गेलेली, बँकेत हेलपाटे घातलेली बाई आवाज चढवून बोलली तर ती असभ्य नाही. तिला 'शांतपणे बोला' सांगणारा, ज्याचं या योजनेत काहीच अडलेलं नाही, तो मोठ्या सौम्य शब्दांत तिला गप्प करतोय. राग चालेल, अपमान चालणार नाही. 'हे सरकार आम्हाला फसवतंय' हा राग आहे. 'असल्या बायकांना...' अशी सुरुवात हा अपमान आहे, ते वाक्य पूर्ण होऊ द्यायचं नाही. जात, धर्म, चारित्र्य यांवर घसरलेलं बोलणं एकदा थांबवायचं, दुसऱ्यांदा त्या माणसाला बाहेर चहाला न्यायचं, तेही सूत्रधाराने नाही, त्याच्या मित्राने. पूर्वीचे लोक कसे सभ्य होते, ही उसासे टाकायची सवयही सोडा. याच महाराष्ट्रात आगरकरांची ते हयात असताना प्रेतयात्रा काढली होती.

बैठकीच्या शेवटी मतदान घेऊ नका, हात वर करायला लावू नका, ठराव तर नकोच. मतदान होणार हे कळलं की लोक ऐकणं सोडून माणसं मोजायला लागतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची व्यवस्था इथे बघण्यासारखी आहे. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात वाटेल तेवढी चर्चा करायची पण निर्णय घ्यायचा नाही, निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वांच्या सहमतीने, सहमती होईपर्यंत थांबून. तुमचं वाचनालय म्हणजे अभ्यास गट आहे. तिथे ठरल्याने योजना चालूही होणार नाही आणि बंदही होणार नाही, हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाका. खोलीतला अर्धा ताण उतरतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचं विचारलंत. तिथे यातलं जवळपास काहीच चालत नाही: पाळी नाही, चेहरा नाही, फळा नाही. बैठकीच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय करून ठेवा, कागद टाका, बस्स. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असलेला मजकूर कुणी टाकलाच तर जाहीर खोडण्यापेक्षा त्या माणसाला फोन करा. ग्रुपवर खोटं पडलेला माणूस तोच मजकूर दुसऱ्या ग्रुपवर दुप्पट जोराने टाकतो.

शेवटची दहा मिनिटं चिठ्ठीला. प्रत्येकाने नाव न घालता एक ओळ लिहायची: 'कोणती माहिती मिळाली तर माझं मत थोडं तरी हलेल?' 'काहीच मिळालं तरी हलणार नाही' हेही उत्तर चालतं, आणि आपण तसं लिहिलंय हे लिहिणाऱ्याच्या लक्षात राहतं. बाकीच्या चिठ्ठ्यांतून पुढची कामं निघतात. आपल्या तालुक्यात लाभार्थी किती, अपात्र ठरवलेल्या किती आणि कोणत्या कारणाने, हे बहुतेकांना हवं असतं. मग दोन्ही बाजूंच्या एकेकाने मिळून जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून लाभार्थ्यांची संख्या आणि तक्रारींचा निपटारा असे दोन अर्ज वेगळे करा, नाहीतर फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा असं सांगितलं जाऊ शकतं. अर्जावर सही एकाचीच लागते; ती कुणाची असावी यावर थोडा वाद होईल, तो होऊ द्या. दुसऱ्या रविवारच्या बैठकीनंतर अर्ज गेला तर पुढच्या बैठकीला उत्तर हातात असेलच असं नाही, तेव्हा मधला महिना दुसऱ्या विषयाला ठेवा आणि हा विषय दोन महिन्यांनी, उत्तर समोर ठेवून, पुन्हा घ्या. उठून गेलेल्या त्या दोन सभासदांना कागद करायच्या जोडीत बसवता आलं तर बघा. ते एकाच बाजूचे होते की दोन बाजूंचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन बाजूंचे असतील तर जोडी तयारच आहे.